दाराकडे पाहणारी

जे आजवर कोणाजवळ, अगदी बायकोजवळही बोललो नाही, ते आधीच सांगून टाकतो. रंगनाथ गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे उमटलं ते दुःख नव्हतं. मी मनात म्हणालो, सुटलो. निरोप घेऊन त्याची घरमालकीण सोनाबाई स्वतः चिंचवडहून पिंपरीला, आमच्या कारखान्यापर्यंत चालत आली होती. पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "मास्तर गेलं वो. सकाळी च्या घेऊन गेले तर खुर्चीतच बसल्यालं. चित्र भितीकडं तोंड करून ठिवल्यालं, आन् हे त्या चित्राच्या पाठीकडं बगत..." मी पहारेकऱ्याकडून पाणी मागून तिला दिलं, रजेची चिठ्ठी लिहिली, तिच्यासोबत रस्त्याला लागलो, आणि रेल्वेचे रूळ ओलांडेपर्यंत तो एकच शब्द पावलागणिक आत वाजत राहिला. सुटलो. आता मला विचारणारं कोणी उरलं नाही.

चित्रकार रंगनाथ तळवलीकर यांच्याविषयी गेल्या काही आठवड्यांत पुष्कळ छापून आलं. त्यांची शैली कशी बदलत गेली, हाती आलेलं यश दर वेळी त्यांनी कसं मागे टाकलं, हे जाणकारांनी लिहिलं आहे. मला चित्रांतलं कळत नाही. मी कारखान्याचं कोठार सांभाळतो. बाटल्या, बुचं आणि गोणपाट यांच्यात माझा दिवस जातो. पण त्याच्या सगळ्या शैलींमधून जी एक बाई पुन्हा पुन्हा येते, कधी उंबऱ्यात, कधी चुलीपाशी, कधी नुसत्याच कोऱ्या भिंतीला टेकलेली, आणि दर वेळी मान वळवून दाराकडे पाहणारी, तिच्याविषयी मला ठाऊक आहे. ती माझी धाकटी बहीण इंदू.

कृष्णाकाठच्या आमच्या गावात रंगनाथ आणि मी एका बाकावर शिकलो. त्याच्या वडिलांचं सुतारकामाचं दुकान, आमच्याकडे भिक्षुकी. दोन्ही घरांत जायला-यायला आडकाठी नव्हती, फक्त तो आमच्या ओटीपर्यंत येई आणि मी त्यांच्या माजघरापर्यंत जाई, एवढा फरक. ओटीवर बसून तो कोळशाने फरशीवर चित्रं काढायचा, आणि संध्याकाळी ती पुसायचं काम इंदूकडे असायचं. ती चित्रं पुसायची नाही, त्यांच्या कडेकडेने झाडायची. मुंबईला चित्रकला शिकायला निघण्याआधी त्याने मला घाटावर गाठलं आणि मला आधीच कळून चुकलेली गोष्ट सांगितली. त्याला इंदूशी लग्न करायचं होतं, आणि इंदूचीही तीच मर्जी होती. "वामन, तू एकदा वडिलांपाशी बोल," तो म्हणाला. "नाही म्हणाले तर नाही. पण विचार तरी." मी हो म्हणालो. आणि विचारलं नाही. संध्येला बसलेल्या वडिलांच्या पाठीमागे जाऊन कितीदा उभा राहिलो, त्यांच्या खांद्यावरचं जानवं बघत राहिलो, आणि तसाच परत फिरलो. वर्षभरात इंदूचं लग्न चाकणच्या एका दुकानदाराच्या घरी ठरलं, लागलं, तिथल्या रीतीप्रमाणे तिचं नाव बदलून सरस्वती ठेवलं. मुंडावळ्या बांधलेल्या इंदूने मला एकच विचारलं, "दादा, तू बोलला होतास ना?" मी होकाराची मान हलवली. दोघांनीही माझ्यावर विसंबून राहायचं ठरवलं होतं, आणि दोघांनाही वाटलं की नकार वडिलांचा आहे... निदान इंदूला तरी तसं वाटलं. रंगनाथला मी याहूनही वाईट काही सांगितलं.

इंदूच्या लग्नानंतर काही कामाने मी मुंबईला गेलो आणि त्याच्या खोलीवर उतरलो. तो कुंचले धूत होता. पाठमोराच म्हणाला, "काय म्हणाले?" आणि त्या क्षणी मला कळलं की खरं सांगितलं तर तो पुढचा प्रश्न विचारील, मग त्याच्या पुढचा, आणि तिसऱ्या प्रश्नाला मी उघडा पडेन. माझ्या तोंडून गेलं, "इंदू गेली रे. विषमज्वर झाला होता." हे मी घरून ठरवून आलो नव्हतो. त्याच्या घरचे तोवर गाव सोडून गेले होते, गावाकडचं त्याला कळेल ते माझ्याकडूनच. मेलेल्या माणसाविषयी फार विचारता येत नाही, एवढंच काहीतरी आतल्या आत उमगलं असावं. त्याने कुंचले धुणं थांबवलं नाही. धुता धुताच विचारलं, जवळ कोण होतं? मी म्हणालो, मीच. काही बोलली का? मी म्हणालो, नाही. आणि मग, खोटं जरा उघडंबोडकं वाटलं म्हणून की काय, त्याला एक पांघरूण घालावं तसं मी जोडलं, "शेवटी नुसती दाराकडे बघत होती."

ते दार माझं आहे. पुढे ज्याच्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली, ज्याला कोणी मृत्यूचं दार म्हटलं, कोणी मुक्तीचं, ते मी एका खोटेपणाला शोभा यावी म्हणून तिथल्या तिथे बनवलं होतं. आमची आई म्हणायची की जिवंत माणूस मेल्याची अफवा उठली की त्याचं आयुष्य वाढतं. त्या रात्री परतीच्या गाडीत मी तेवढ्यावरच स्वतःची समजूत घातली. इंदूचं आयुष्य वाढवून आलो, असं.

मधली वर्षं आमची गाठ क्वचितच पडली. मी नोकरीच्या मागे पिंपरीला आलो, कारखान्याची खोली मिळाली, संसार थाटला. रंगनाथचं नाव मोठं झालं. आणि चार-एक वर्षांपूर्वी एका दुपारी तो कोठाराच्या दारात उभा. मुंबई नको झाली म्हणाला, चिंचवडला नदीकडची एक माडी बघितली आहे, तू जवळ आहेस, बरं. मी तोंडाने बरं म्हणालो आणि त्या दिवसापासून अंतरं मोजू लागलो. कारण इंदू चाकणला होती, अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. तोवर तिचे यजमान वारले होते, मूलबाळ नव्हतं, दिराच्या घरात एका खोलीत ती राहत होती. तिची एकच इच्छा असायची, चार दिवस भावाकडे यावं. आईवडील गेल्यावर माझं घर तेच तिचं माहेर. भाऊबीजेला मी तिच्याकडे जायचो, ओवाळून घ्यायचो, आणि निघताना ती पिशवीत काहीतरी भरत हळूच विचारायची, "या वेळी येऊ का रे तुझ्याबरोबर?" मी म्हणायचो, खोली लहान आहे, पाण्याचं बघायचंय, पुढच्या वेळी. बायकोने, कमलने, आग्रह केला की तिच्यावरच चिडायचो. रंगनाथ आमच्याकडे जेवायला यायचा तेव्हा कमल सहज म्हणून जायची, चाकणच्या वन्संनी पापड दिलेत, घ्या ना. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा, कमल आत गेल्यावर, मी घाईने सांगितलं होतं, चुलत बहीण आहे. रंगनाथने पापड मोडला आणि म्हणाला, "छान लाटलाय."

प्रदर्शन भरलं ते गेल्या हिवाळ्यात. आमच्या कारखान्यात एक नवी शेड उभी राहिली होती आणि तिच्यातली यंत्रं अजून जहाजातच होती. आमचे व्यवस्थापक हौशी. त्यांनी ठरवलं की यंत्रं येईपर्यंत तिथे चित्रं लावायची, मास्तरांची पहिल्यापासून आजपर्यंतची, सालवार. ठिकठिकाणच्या घरांतून आणि संस्थांतून चित्रं मागवली. पेट्या उतरवून घेण्याचं काम अर्थात कोठारवाल्याचं. एकेक चित्र सुटं बघताना मला काही वाटलं नव्हतं. ती सगळी एका ओळीत लागली, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी त्या लांबच लांब शेडमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, तेव्हा अर्ध्या वाटेतून मागे वळून पुन्हा पहिल्या चित्रापाशी आलो. यंत्रांच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यांवर फळ्या टाकल्या होत्या, त्यावरून चालताना खालून पोकळ आवाज यायचा, जणू कोणी आपल्या पावलाखाली पाऊल टाकत येतंय.

ओळीच्या सुरुवातीला ती सतराची होती. तैलरंगांत, हुबेहूब, कानामागची बट वाऱ्याने सुटलेली. ठीक होतं, ती त्याने पाहिलेली होती. पण पुढच्या चित्रांत ती वाढत होती. हनुवटी भरली, डोळ्यांखाली रेघ आली. मग त्याची दुसरी शैली सुरू झाली, सपाट भडक रंगांची, जुन्या भिंतींवरच्या चित्रांसारखी. तिथे ती डावा हात सतत पदराखाली घेऊन बसलेली. मुंबईहून आधीच येऊन उतरलेले एक अभ्यासक आमच्या व्यवस्थापकांना समजावत होते की ही शरीररचनेतून जाणीवपूर्वक घेतलेली सूट आहे. मी ऐकत होतो आणि मला आठवत होतं की लग्नानंतर काही वर्षांनी अनारसे तळताना कढई कलंडून इंदूचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता, आणि तेव्हापासून ती चारचौघांत तो पदराखालीच ठेवते. हे रंगनाथला कोण सांगणार? त्याच्या लेखी ती लग्नाआधीच गेलेली होती.

त्यापुढे मी जायला नको होतं. पुढे त्याची ती नावाजलेली चित्रं, ज्यांत त्याने तांबडा रंग वर्ज्य केला. एका दिवाळीनंतर एकाएकी, का ते त्याने कधीच सांगितलं नाही. अभ्यासक म्हणाले, ही तपश्चर्या आहे, चित्रकाराने स्वतःवर घातलेलं बंधन आहे. चित्रांत तीच बाई, करड्या आणि मातकट रंगांत, कपाळ रिकामं, हात रिकामे, दाराकडे पाहणारी. चौकटीखाली साल लिहिलं होतं. ते मी वाचलं, पुन्हा वाचलं. त्याच सालच्या दिवाळीत चाकणहून तार आली होती आणि मी गेलो होतो. इंदूचं कुंकू पुसलं तेव्हा मी तिच्या शेजारी बसलो होतो. आणि त्या वेळी रंगनाथ मुंबईत होता.

प्रदर्शन सुरू झाल्यावर कामगार शिफ्ट संपली की बायकापोरांना घेऊन येऊ लागले. हसायचे, कोपरखळ्या मारायचे, एखाद्याने आपल्या सासूशी साम्य शोधलं की सगळी ओळ खिदळायची. एका संध्याकाळी मी आणि रंगनाथ खांबाआड उभे होतो. आमच्याकडचा फिटर इस्माईल, चाकणचाच, त्याच्या घरी बांगड्यांचं दुकान, तो त्या बिनतांबड्या चित्रांपुढे थबकला आणि सोबत्याला म्हणाला, "भावा, ही आमच्या पेठेतली सरस्वतीकाकी हाय."

"गप ए. मुंबईच्या मास्तरला तुझी काकी कुठं घावली?"

"अरे खरंच. ह्याच हातात माझी अम्मी बांगड्या भरायची. डावा हात दुखायचा तिचा, तर अम्मी साबण लावून, फुंकर घालून भरायची. आता भरत न्हाई." मग खालच्या आवाजात म्हणाला, "पन ही अशी माझ्याकडं का बघती राव... दाराकडं बघती म्हनं. न्हाई, मी दाराच्या बाजूला उभा हाय म्हनून."

सोबत्याने त्याला ओढत पुढे नेलं. मी रंगनाथकडे बघितलं नाही. पण माझ्या गालावर त्याची नजर मला कळत होती, चुलीची धग कळते तशी. तो इस्माईलकडे बघत नव्हता, चित्राकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. शेवटी तो एवढंच म्हणाला, चेहरे सगळीकडे सारखेच असतात, आणि चहा प्यायला चल.

त्या संध्याकाळी लोक गेल्यावर दिवे बंद करायचं काम माझ्याकडे आलं. बटणं ओळीने होती आणि शेवटच्या चित्रांपासून बंद करत दाराकडे यायचं होतं. रंगनाथ माझ्या बरोबर चालत होता. एक दिवा गेला की एक म्हातारी अंधारात जायची आणि पुढची, थोडी कमी वयाची, उजेडात उरायची. मग तीही जायची. कपाळावर कुंकू परत आलं. हात पदराबाहेर आला. आम्ही चालत होतो आणि ती लहान होत होती, आणि शेवटी सतरा वर्षांची इंदू एकटी दिव्याखाली राहिली. शेवटच्या बटणावर माझं बोट होतं, ते खाली जाईना. तेव्हा तो बोलला, अगदी सहज, जेवताना मीठ मागावं तसं.

"मेलेल्या माणसाचं वय थांबतं म्हणतात, वामन. हिचं थांबेना. मी काय करणार... ती जशी येते तशी काढतो. लोक म्हणतात शैली बदलली."

मी बटण दाबलं. तेव्हा बोलायला हवं होतं. त्या अंधारात माझं तोंडही त्याला दिसलं नसतं. मी किल्ल्या चाचपल्या आणि म्हणालो, "चल, उशीर झाला."

त्यानंतर तो आमच्याकडे जेवायला आला नाही. मीही कामाचं निमित्त करत राहिलो. त्याच्या खोलीवर गेलो तर तो काम करत असायचा, आणि दिवेलागणीला समोरचं चित्र उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. ही त्याची जुनी सवय. पूर्वी मी थट्टा करायचो, रंग वाळायला नकोत का? तो म्हणायचा, तिन्हीसांजेला दाराकडे बघत बसू नये. आमच्या आईचं वाक्य होतं ते, इंदूला उद्देशून. त्याने ओटीवर बसून ऐकलेलं.

दहाव्या दिवशी पवनेच्या घाटावर त्याच्या पुतण्याने पिंड ठेवला. समोरच्या चिंचेवर कावळे होते, पुष्कळ होते, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. लोक रीतीप्रमाणे बोलू लागले. चित्रं नीट सांभाळू. नावाने बक्षीस ठेवू. सोनाबाई म्हणाली, माडी कुणाला भाड्यानं देनार न्हाई. एक कावळा खालच्या फांदीवर आला, मान वाकडी करून बसला आणि बसूनच राहिला. पुतण्या माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही त्यांचे सगळ्यांत जवळचे. काही राहिलं होतं का त्यांचं?" सगळे माझ्याकडे बघत होते, तो कावळासुद्धा. नुसतं मनात म्हटलं असतं तरी चाललं असतं, तिथे मोठ्याने बोलावं लागत नाही. मला मनातही म्हणवलं नाही. मी मान हलवली, काही नाही म्हणून. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. परत येताना सोनाबाई माझ्याजवळून चालत होती. सहज म्हणाली, "मास्तर दर बाजाराला यष्टीनं चाकनला जायचं. काय आनायचं न्हाईत, पिशवी मोकळीच. मी म्हनायची, मास्तर, कांदं तरी आना. तर नुसतं हसायचं."

तेव्हापासून मी दोन गोष्टींच्या मधे अडकून आहे. एक, त्याला ठाऊक होतं. इथे येण्याच्याही आधीपासून, कदाचित पहिल्या दिवसापासून, आणि तरी तो माझ्या ताटाशेजारी बसून पापड मोडत राहिला, मी कधी बोलतो याची वाट बघत. दोन, त्याला काहीच ठाऊक नव्हतं, आणि जे चाकणच्या एका खोलीत घडत होतं ते त्याच्या हाताखाली आपोआप उतरत होतं. यातलं अधिक भयंकर काय, ते मला ठरवता येत नाही. बाजारात तो तिला लांबून बघत असेल का? पण बाजाराला जाणं गेल्या चार वर्षांतलं. कुंकू गेलं ते त्याच्या किती आधी. मी हिशोब लावतो आणि तो कुठूनही जुळत नाही.

त्याचं शेवटचं चित्र सोनाबाईने माझ्या स्वाधीन केलं. मी ते न बघता घरी आणलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. दोन दिवसांनी कामावरून आलो तर कमलने केर काढताना ते फिरवून ठेवलेलं. ती पुढे उभी राहून कौतुकाने बघत होती. "अहो, हे वन्संचं चित्र कधी काढून घेतलंत? आणि आपलं दार किती हुबेहूब आलंय..."

चित्रात आमच्या खोलीचं हिरवं दार आहे. कडीजवळचा पोपडा उडालेला, तो सुद्धा. उंबऱ्यात इंदू उभी आहे, आजची, पांढऱ्या केसांची, काखेत लहानसं बोचकं. बाकी सगळ्या चित्रांत ती दाराकडे बघते. यात ती दारातून आत बघते आहे. खोलीत जो कोणी असेल त्याच्याकडे. मी कुठेही उभा राहिलो तरी माझ्याकडे.

ते चित्र मी आता फिरवून ठेवत नाही. दिवेलागणीला हात तिकडे जातो, आणि परत येतो. इंदूला वाचता येतं, आणि तिच्याच पेठेत, इस्माईलच्या घरी, वर्तमानपत्राची ही पुरवणी येते. म्हणून हा मजकूर देताना मी संपादकांना विनंती केली की तो चाकणचा पुढचा बाजार झाल्यावरच छापावा. माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून मुदत त्यांच्या हाती दिली आहे. त्या बाजाराच्या दिवशी मी सकाळच्या गाडीने जाईन असं ठरवलं आहे. यापूर्वीही अनेकदा ठरवलं होतं. इंदूला घरी आणणं, त्या चित्रापुढे बसवणं, आणि मी वडिलांना कधीच विचारलं नव्हतं हे तिला माझ्या तोंडाने सांगणं, एवढं माझ्याकडून दोघांचंही राहिलं आहे. हे लिहीपर्यंत मी ते केलेलं नाही.